कोणाचं नाव कुठं

आमच्या भागात दान दिलं की नाव लागतं. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर, मोक्षधामातल्या सिमेंटच्या बाकड्यावर, पंगतीत वरण घेऊन फिरणाऱ्या बादलीवर, पाणपोईच्या टाकीवर. पात्यावरचं नाव पंखा बंद असतानाच वाचता येतं. तरी लिहिणारा लिहितो आणि देणारा खूश असतो. सौंसरला पाट्या आणि फलक करण्याचा माझा धंदा आहे. ब्रशनं सुरुवात केली, मग विनाइल आलं, फ्लेक्सनं ब्रश बाजूला सारला, आता लेझरवर अक्षरं कापतो. या सगळ्या काळात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न मात्र बदलला नाही. ‘चौरस फुटाला किती?’ पांढुर्ण्याच्या एका कामात पहिल्यांदा दराची गोष्ट शेवटी निघाली. आधी निघाली ती नावांची.

तिथल्या एका जुन्या मंडळाच्या रंगमंचाची लोकवर्गणीतून दुरुस्ती झाली होती. इमारत साधीच. चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, सागवानी खांब, वर कौलं, पुढे लाकडी फळ्यांचा रंगमंच, बाजूला बायकांना बसायची माडी. गणपतीतली नाटकं, कीर्तनाचे सप्ताह, खंजिरीवरची तुकडोजी महाराजांची भजनं, दंडारीचे खेळ, सगळं या फळ्यांवर होऊन गेलेलं. देणगीदारांचा ‘भव्य फलक’ करून द्यायचा, एवढाच निरोप मला आला होता.

हे काम मराठीत करायचं हे कोणी वेगळं सांगितलं नाही, आणि आमच्याकडे ते सांगावंही लागत नाही. १९५६ साली राज्यांची नवी आखणी झाली तेव्हा नागपूरसकट विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर, पांढुर्णा त्याच्याबरोबर राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. कचेरीतला कागद हिंदी, बाजारातली पाटी हिंदी, घरातलं भांडण मराठी. संत्र्याचा व्यापारी दिल्लीशी हिंदीत बोलतो आणि फोन ठेवून हमालाला मराठीत शिव्या देतो. या भागात मराठी जिथं जाहीरपणे, माइकवरून ऐकू येते अशा जागा थोड्या. हा रंगमंच त्यातला एक. त्यामुळे त्याच्या भिंतीवर लागणारी नावं ही नुसती पैसे देणाऱ्यांची यादी राहणार नव्हती, हे मला त्या वास्तूत उभं राहिल्यावरच जाणवलं.

यादी तीन ठिकाणांहून आली. एक पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींचा गठ्ठा, एक खजिनदारांची वही, आणि एक संगणकावरची फाइल. फाइलीत रकमेप्रमाणे गट पाडले होते. एक लाखाच्या वर ‘महादानी’, मग एकावन्न हजार, एकवीस, अकरा, आणि सगळ्यात खाली पाच हजार. पाच हजारांच्या खालचे लोक ‘इतर’ या एका शब्दात संपवलेले. नमुना म्हणून कुठल्याशा मंगल कार्यालयातल्या फलकाचा फोटो होता: काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, वरचं नाव हातभर आणि खालची नावं मुंगीएवढी.

खजिनदारांचं म्हणणं सरळ होतं. ‘भाऊ, मोठ्या रकमेवाल्याचं नाव मोठं पाहिजे. नाई तं तो पुढच्या टायमाले काहून देईन?’

त्यात तथ्य होतं, मी ते नाकारलं नाही. पैसे जमवणाऱ्याला पुढच्या वर्षीही त्याच दारात जायचं असतं. पण बैठकीत कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे काकाजी म्हणाले, ‘अन् तुळया ज्यानं बैलगाडीवर ओढून आनल्या, त्याची रक्कम किती धरता?’ मग त्यांनी मंडळाची जुनी कीर्दवही काढायला लावली.

त्या वहीनं सगळं काम फिरवलं. तिच्यात पैसे कमी आणि वस्तू जास्त होत्या. अमक्याकडून सागाची तुळई. तमक्याकडून रेतीच्या गाड्या. कोणाकडून गॅसबत्ती, कोणाकडून हार्मोनियम, कोणाकडून रंगवलेला पडदा. एकानं कवेलू दिली होती, एकानं ती चढवण्याची मजुरी सोडली होती. भजनी मंडळाच्या बायकांनी घरोघरी मूठ-मूठ धान्य गोळा करून त्याचे पैसे दिले होते, आणि नोंद झाली होती मंडळाच्या नावानं, एकाही बाईचं नाव न घेता. संत्र्याच्या बागाइतदारांच्या नोंदी तर खास आमच्याकडच्या. संत्र्याला वर्षात दोन बहार धरतात. आंबिया बहाराचं फळ पावसाळ्यानंतर निघतं, मृगाचं उन्हाळ्याच्या तोंडाशी. शेतकऱ्यानं शब्द दिलेला असतो बहाराच्या भरवशावर, आणि मध्येच गारपीट झाली की शब्द तसाच राहतो. वहीत अशा ओळींपुढे ‘येणे’ लिहिलेलं होतं. काहींपुढे पुढच्या वर्षी ‘जमा’ झालेलं दिसलं, काहींपुढे नाही.

आता कोणाला देणगीदार म्हणायचं? शब्द दिला पण पैसे आले नाहीत, त्याला? मजुरी सोडली त्याला? मंडळाचे लोक माझ्याकडे पाहू लागले. जणू याचं उत्तर फॉन्टच्या पुस्तकात असतं.

मला आठवलं ते सांची. तिथल्या स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यावर आणि फरसबंदीवर जागोजाग बारीक अक्षरांत लेख कोरलेले आहेत. शेकडोंनी. प्रत्येकाचा मजकूर जवळपास एकच: अमक्या गावच्या अमक्याचं दान. भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत, कोणाची बायको, कोणाची आई, व्यापारी, कधी अख्खं गाव. दक्षिण तोरणाच्या एका खांबावर विदिशेच्या हस्तिदंतावर काम करणाऱ्या कारागिरांनी नोंद ठेवली आहे, की हे कोरीवकाम आम्ही केलं. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य आनंद याचंही दान नोंदलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा देणगीदारांचा फलकच. आणि या फलकाचा एक उपकार सगळ्या देशावर आहे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप ब्राह्मी लिपीशी झगडत होता. सांचीच्या या छोट्या-छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, हे त्याच्या ध्यानात आलं. इतक्या लोकांनी एकाच जागी सारखंच काय लिहिलं असेल? त्यानं ताडलं, ‘दानं’. तिथून अक्षरं सुटत गेली आणि अशोकाचे लेख वाचता आले. राजाचा हुकूम वाचायची किल्ली सापडली ती साध्या देणाऱ्यांच्या नावांत.

मराठी मुलखातलं उदाहरण हवं तर कार्ल्याचं चैत्यगृह आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं ते पूर्ण करवलं असा लेख तिथं आहे, पण आतल्या खांबांवर वेगवेगळ्या लोकांची नावं आहेत. त्यात धेनुकाकट गावचे यवनही आहेत. ज्यानं खांब दिला, त्याचं नाव त्या खांबावर.

मी बैठकीत एवढंच मांडलं. सांचीत काय, कार्ल्यात काय, नाव वस्तूपाशी आहे आणि अक्षराचा आकार रकमेवर ठरलेला नाही. आपल्याकडे खांब आहेत, तुळया आहेत, माडी आहे, पडद्याची दोरी ओढायची जागा आहे. वहीतल्या जुन्या देणाऱ्यांची नावं आपण त्या त्या जागी लावू. आणि आताच्या दुरुस्तीची वर्गणी एका भिंतीवर, सगळ्यांची एका मापाच्या अक्षरात, अकारविल्हे.

‘एका मापात’ म्हटल्यावर बराच वेळ गोंधळ झाला. शेवटी तोड निघाली ती अशी. रक्कम लिहायची नाही. ज्यांनी मोठी रक्कम देऊन एखादं ठरावीक काम पूर्ण केलं, त्यांचं नाव भिंतीवर असेलच, शिवाय त्या कामापाशी एक छोटी पट्टी लागेल: नवी कौलं, विजेचं काम, माडीचा जिना. मोठ्या देणाऱ्याला त्याचं काम दाखवता येतं, पाहुण्याला तिथं नेऊन उभं करता येतं. खजिनदारांना हे पटलं, कारण पुढच्या वर्षी जाताना सांगायला त्यांच्याकडे काहीतरी होतं. ‘येणे’वाल्यांचं असं ठरलं, की भिंतीवर जमा झालेलंच दान. पण दार बंद नाही; जेव्हा येईल तेव्हा नाव लागेल.

सगळ्यात नाजूक विषय निघाला तो सरकारी निधीचा. दुरुस्तीच्या खर्चाचा एक भाग लोकप्रतिनिधींच्या विकास निधीतून आला होता, आणि त्यांचं नाव फलकाच्या शिरोभागी, फोटोसकट, असावं असा आग्रह होता. मी म्हणालो, हा पैसा जनतेचा. मिळवून दिल्याबद्दल आभार मानूच, उद्घाटनाच्या दगडावर नावही असेल. पण देणगीदार म्हणजे स्वतःच्या खिशातून देणारा. मंडळातल्या तरुण मुलांनी हे उचलून धरलं. शेवटी फलकाच्या तळाशी एक ओळ गेली: शासकीय निधीतून झालेली कामं आणि वर्ष. फोटो नाही. रंगमंचावर फोटो फक्त नटराजाचा, असं कोणीतरी म्हणालं आणि विषय संपला.

पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्या लोकांना गोटमारच आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा रोवतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधून दगड. यादीत दोन्ही काठांची नावं होती. गावाप्रमाणे वेगळे रकाने करावेत अशी सूचना आली तेव्हा मी अकारविल्ह्याचा नियम पुढे केला. ‘अ’ला कोणता काठ ते माहीत नसतं. यावर हसून सगळ्यांनी होकार दिला.

मग माझं खरं काम सुरू झालं, आणि ते नावं शुद्ध करण्याचं होतं. संगणकावरची फाइल कृतिदेवमध्ये होती. मध्य प्रदेशात टायपिंगच्या दुकानांत अजून तोच चालतो, नागपुराकडे श्रीलिपी. दोन्ही जुन्या पद्धतीचे. त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार दुसऱ्याच अक्षरावर बसतो आणि पहिली वेलांटी जागा सोडते. त्यात टाइप करणारा मुलगा हिंदी शाळेतला. काळेंचा ‘काले’ झाला होता, मुळेंचा ‘मुले’. ज्ञानेश्वर आधार कार्डावर वेगळा, पावतीवर वेगळा आणि आईच्या तोंडी ग्यानबा. पवार, पंवार, पँवार ही तीन घरं की एकच, हे माझ्या टेबलावर बसून कळणार नव्हतं. म्हणून एकूण एक नाव घरच्यांना वाचून दाखवायचं ठरवलं. मंडळाची मुलं कागद घेऊन घरोघर फिरली आणि प्रत्येक नावापुढे घरच्या माणसाची सही घेऊन आली. त्या फेरीत कितीतरी नावं बदलली. काही घरांत बापाच्या नावाची पावती होती आणि पैसे आजीनं दिले होते. तिथं आजीचं नाव लागलं, तिच्या स्वतःच्या नावानं. भजनी मंडळातल्या ज्या बायका अजून होत्या, त्यांनी गेलेल्यांची नावं आठवून सांगितली. माडीच्या कठड्याला ती सगळी नावं आली.

अक्षराचं वळणही ठरवावं लागलं. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ देवनागरी फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. महाराष्ट्र शासनानं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा या दोन अक्षरांची मराठी वळणं प्रमाण धरली. पण तो निर्णय आमच्या तहसिलीला लागू नाही. आम्हाला लागू होती ती म्हाताऱ्यांची नजर. त्यांना दोन्ही वळणं कापून दाखवली तेव्हा त्यांनी शाळेतल्या पाटीवरचा ल बोटानं दाखवला. मराठी वळण देणारे चांगले युनिकोड फॉन्ट आता मुंबई-पुण्याच्या अक्षरकारांनी केलेले आहेत, त्यांतलाच एक घेतला आणि जोडाक्षरं हातानं थोडी मोकळी केली. देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार. दोन ओळींत हवा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर साधारण इंचभर हवं हा आमच्या धंद्यातला ठोकताळा. नावांची यादी लोक हातभर अंतरावरून वाचतात, तिथं त्याच्या अर्ध्यातही भागतं. त्याहून लहान केलं की क्ष, ज्ञ, ष्ठ यांची पोटं बुजतात.

माल कोणता, यावरही बरंच बोलणं झालं. ग्रॅनाइट मी पहिल्यांदाच बाजूला ठेवला. एक तर चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट नाही तर रसायन लावून दगड चिकटवला की भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ओल मग दगडाच्या कडेनं फुगते आणि चुना पोपडे धरतो. दुसरं म्हणजे घोटलेल्या ग्रॅनाइटवर समोरचा दिवा चमकतो आणि नावाऐवजी वाचणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं. अ‍ॅक्रिलिक स्वस्त, कापायला सोपं. पण पत्र्याच्या शेडात नि कौलाखाली आमच्या उन्हाळ्यात त्याचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. आठ फुटांची पट्टी हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत सहा-सात मिलिमीटर वाढते. घट्ट स्क्रू मारले असतील तर ती वाकते नाही तर भोकापाशी चिरते. तेवढीच पितळेची पट्टी दोन मिलिमीटरच्या आत राहते.

म्हणून पितळ आणि साग. भिंतीला हात न लावता, जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभी राहणारी सागवानी चौकट. दुरुस्तीत निघालेल्या जुन्या तुळयांचंच लाकूड तासून घेतलं. तिच्यात एकेका नावाची पितळी पट्टी, मागून स्क्रूनं धरलेली. अक्षरं फेरिक क्लोराइडच्या द्रावणात खोदून त्यात काळा इनॅमल भरला. खांबांवरच्या पट्ट्यांसाठी सागाला भोक न पाडता खांबाभोवती पितळेचा बंद आवळला. उद्या कोणाला हे सगळं काढायचं झालं, तर इमारतीवर ओरखडा राहणार नाही. जुन्या वास्तूत काम करताना मी एवढं पथ्य पाळतो, कारण माझ्यानंतर तिथं दुसरा कोणीतरी येणारच आहे.

मोकळ्या पट्ट्यांची एक रांग मुद्दाम ठेवली. ‘येणे’वाल्यांसाठी आणि पुढच्यांसाठी. अकारविल्ह्यात मध्येच नाव घालायचं तर पट्ट्या सरकवता आल्या पाहिजेत, म्हणून चौकटीची मागची बाजू उघडते. गुप्तदानाचीही एक पट्टी आहे. एका गृहस्थानं बरीच मोठी रक्कम दिली आणि नाव लावाल तर पैसे परत घेईन अशी धमकीच दिली. आमच्याकडे प्रत्येक यादीत ‘गुप्तदान’ असतंच. इथं ती पट्टी दानांतलं एक दान म्हणून, ‘ग’च्या जागी, बाकीच्यांच्या बरोबरीनं आहे.

काम चालू असतानाच्या एका बातमीनं शेवटचा निर्णय करून टाकला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं. शाहू महाराजांनी उभारलेलं, शंभर वर्षांहून जुनं. लाकूड, पडदे, खुर्च्या, सगळं जळणारं. आमचा रंगमंच त्याच्यापुढे केवढासा, पण लाकूड तेच. मंडळानं मग वायरिंग पुन्हा तपासून घेतली, आणि मी सुचवलं की नावं एकट्या फलकावर सोडू नका. संपूर्ण यादी, सह्यांसकट, जाड कागदावर छापून तीन प्रती केल्या. एक मंडळाच्या कपाटात, एक गावातल्या वाचनालयात, एक माझ्याकडे. जुनी कीर्दवही पानापानानं स्कॅन झाली. फलक जळाला तर नव्यानं करता येईल. वही गेली तर तुळई कोणी आणली हे कोणालाच सांगता येणार नाही.

उद्घाटनाला लोक आले तेव्हा मी मागे उभा राहून पाहत होतो. प्रत्येक जण आधी स्वतःचं नाव शोधतो, मग शेजाऱ्याचं. काहींना रक्कम नाही याचं वाईट वाटलं, ते त्यांनी बोलूनही दाखवलं. एक जण म्हणाला, ‘इतके पैसे देऊन नाव ह्याच्या शेजारी?’ त्याला शांत करायला माझ्याकडे काही नव्हतं. खरं सांगायचं तर त्याची तक्रार संपली आहे असंही नाही. सगळ्यांना खूश करणारा फलक मी अजून पाहिलेला नाही. माझ्या धंद्यातला कोणी तसं म्हणत असेल, तर त्यानं अजून बैठकीला बसून पाहिलेलं नाही असं मी समजतो.

तेव्हापासून सौंसरला किंवा नागपूरकडे असं काम आलं की मी मापाची टेप काढायच्या आधी चार गोष्टी विचारतो. वस्तू आणि श्रम दान धरणार का? रक्कम लिहिणार का? सरकारी पैसा वेगळा दाखवणार का? आणि दहा वर्षांनी नवं नाव कुठं बसणार? ही उत्तरं वर्गणी गोळा करायला निघण्याआधी ठरली पाहिजेत आणि देणाऱ्याला दारातच सांगितली पाहिजेत. नंतर ठरवलेला नियम कितीही बरोबर असला, तरी तो कोणाच्या ना कोणाच्या विरुद्ध केल्यासारखा दिसतो. पांढुर्ण्याच्या मंडळानं आता नवी पावतीपुस्तकं छापून घेतली आहेत. रकमेच्या खाली एक कोरी ओळ आहे: ‘फलकावर नाव कसं लिहायचं’. ती ओळ देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं भरायची असते. माझं निम्मं काम तिथंच होऊन जातं, आणि त्याचे पैसे मी लावत नाही.